महिरपी कंसात उकंडराव

३ मार्च

पुण्याच्या कंपनीने खर्च कमी करायचं ठरवलं, तेव्हा त्या खर्चाचं नाव हरिओम आहे हे मला शेवटच्या दिवशी कळलं. गावात मी ‘नोकरी सोडली’ असं सांगतो. आई ‘सुट्टीवर आलाय’ असं सांगते. बाबा काहीच सांगत नाहीत, आल्यागेल्यासमोर माझ्याकडे बघून फक्त सुस्कारा टाकतात. त्यात सगळं येतं.

पण आजपासून मी उद्योजक आहे, म्हणून ही दैनंदिनी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या काळाची नोंद पुढे शोधत बसावी लागते, ती सोय करून ठेवतो.

धाडच्या बसस्टँडसमोर शालिग्रामकाकांचा छापखाना आहे. आसपासची निम्मी लग्नं मी छापली, असं ते म्हणतात. उरलेली निम्मी टिकली नाहीत, असंही म्हणतात. दर पत्रिका नव्याने कंपोज करायची आणि नव्याने चुका करायच्या, हा त्यांचा उद्योग. मी त्यांना म्हटलं, काका, आपण पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत वेब ॲप्लिकेशन करू. घरचे लोक मोबाइलवर नावं भरतील, टेम्प्लेट इंजिन ती नावं साच्यात ओतेल, पत्रिका तयार. छापायलाही तीच आणि व्हॉट्सॲपवर फिरवायलाही तीच.

त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. “मंग मी काय करू?”

“तुम्ही छापा.”

“ते तं मी आताबी करूनच राह्यलो.”

शेवटी ठरलं असं, की हा लग्नाचा सीझन बघायचा. चाललं तर भागीदारी आणि दुकानाच्या पाटीवर माझं नाव. नाही चाललं तर चिखलीला गोपालभाऊजींचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहेच, बाबांनी त्यांना परस्पर शब्दही देऊन ठेवलाय. नळ्या मोजून देणं हे काही वाईट काम नाही, असं बाबा म्हणतात. वाईट नाहीच. पण त्या काउंटरमागे उभा असलेला मी डोळ्यांसमोर आलो की मला घास गिळवत नाही. ते इथे लिहून ठेवतो, कारण घरी बोलायची सोय नाही.

८ मार्च

काकांना तत्त्व समजावलं. पत्रिकेचं रूप वेगळं आणि मजकूर वेगळा. साच्यात जिथे नाव यायचं तिथे दोन-दोन महिरपी कंस असतात, इंजिन त्या कंसांत नाव ठेवतं आणि कंस काढून घेतं. बास. इंजिनाला मतं नसतात, राग-लोभ नसतात, भाऊबंदकी कळत नाही. साच्यात डोकं चालवायचं नाही, हा आमच्या क्षेत्रातला पहिला नियम आहे.

“डोकं कोनं चालवाचं मंग?” काकांनी विचारलं.

“मजकूर भरणाऱ्याने.”

“म्हंजे गिऱ्हाइकानं,” काका म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. त्यांच्या पिढीला संकल्पना पोचायला वेळ लागतो.

१२ मार्च

पहिली पत्रिका. रोहिणखेडचं गिऱ्हाईक. नावं एकाखाली एक यावीत म्हणून मी नावाच्या खणातच ओळ तोडायची इंग्रजी खूण लिहून ठेवली होती. अशा खुणांना इंजिन सुरक्षिततेसाठी साधी अक्षरं समजतं आणि जशीच्या तशी छापून दाखवतं. हे मला माहीत होतं, म्हणजे नंतर आठवलं. प्रत्येक नातेवाइकाच्या नावापुढे इंग्रजीत ‘बीआर’ आलं.

“हे काय, पदवी हाय का?” वरबापाने विचारलं. मी दिलगिरी व्यक्त करून सगळे बीआर काढले. संध्याकाळी त्यांच्या साडूचा फोन आला. आधीच्या नमुन्यात होती ती पदवी का काढली म्हणून.

१६ मार्च

नावांचा क्रम लावायचं काम इंजिनावर सोपवलं होतं. त्याने बाराखडीप्रमाणे लावला. डोणगावच्या पत्रिकेत आजोबा हरिभाऊ सगळ्यांत तळाशी गेले, आणि अकरावी नापास अथर्व निमंत्रकांत सगळ्यांच्या वर जाऊन बसला.

काकांनी छापण्याआधी पाहिलं म्हणून निभावलं. “हे छापलं असतं तं लगन राह्यलं असतं बाजूले, आन अथर्वले कुटलं असतं.”

मग मी प्रत्येक नावापुढे एक नवा खण केला, ‘मान क्रमांक’. घरच्यांनी तो भरायचा, एक म्हणजे सगळ्यांत वर. इंजिन त्याप्रमाणे नावं लावेल. पुण्यात याचं पेटंट घेतलं असतं लोकांनी. काका एवढंच म्हणाले, “पह्यल्यांदा कामाचं काही केलंस.”

त्यांना विचारलं, अशी चूक छापली गेली असती तर जबाबदार कोण? “प्रेस,” ते म्हणाले. “घरचे कधीच चुकत नाई. सख्खा मामा विसरले तरी प्रेसची चूक. लोक आपल्याकून पत्रिका घेऊन जाते आन चूक ठेवून जाते. मी तं म्हनतो तेच्यासाठीच येते.” म्हाताऱ्या माणसाला जुन्या पद्धतीचा अभिमान असतोच. माझ्या ॲप्लिकेशनमध्ये चुकीला जागा नाही, हे त्यांना हळूहळू कळेल.

२० मार्च

मोठं गिऱ्हाईक आलं. नारायणराव, धाडजवळच्याच खेड्यातले, मिरची आणि फुलकोबी करतात. मुलगी अनुपमा, लग्न २० एप्रिलला. पत्रिका भरपूर, भाऊबंद त्याहून भरपूर. हे काम नीट पार पडलं तर त्यांच्या सगळ्या गोतात आपलं नाव होईल, असं काका म्हणाले. न पडलं तरी होईल, असंही म्हणाले.

नारायणरावांनी बसायच्या आधीच अट घातली. “एक गोष्ट ध्यानात ठेव. उकंडराव हे नाव या पत्रिकेत दिसलं नाई पायजे. निमंत्रकात नाई, विनीतात नाई, कुठीच नाई.”

“कोण उकंडराव?”

“माहा सख्खा थोरला भाऊ.”

मी त्यांना निर्धास्त केलं. म्हटलं, काका, कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने नाव घालत नाही.

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. “कधीच नाई?”

“कधीच नाही.”

“हं,” असं म्हणाले, ते जरा पडलेल्याच आवाजात. खेड्यातल्या माणसाला तंत्रज्ञानाचा धाक वाटतो, तो असा.

ते गेल्यावर शालिग्रामकाकांनी हकीकत सांगितली. काही वर्षांपूर्वी उकंडरावांच्या मुलाचं लग्न झालं. त्या पत्रिकेत निमंत्रकांत बायकोच्या भावाचं नाव होतं, आणि सख्खा भाऊ नारायण खाली ‘व्यवस्थापक’ या मथळ्याखाली, मंडपवाल्याच्या शेजारी. नारायणराव त्या लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून भिंतीला भिंत लागून घरं आहेत, पण बोलणं नाही. आणि ती पत्रिका छापली कोणी, हे मी विचारायच्या आधीच काका सुपारी आणायला उठले.

माणसं एका ओळीवरून वर्षानुवर्षं अबोला धरतात. आणि मी इथे त्यांना सॉफ्टवेअर देतोय.

२४ मार्च

अनुपमा आणि तिची आई अन्नपूर्णाबाई आल्या होत्या, जीपने, बाजार करता करता. आईच्या मोबाइल नंबरवर खातं उघडून दिलं, कारण अनुपमाच्या नंबरला सासरचे लोक सारखे फोन करतात. अन्नपूर्णाबाईंनी मला विचारलं की हे चालू कुठून होतं. मोबाइल चालूच होता.

अनुपमा बुलढाण्याला बी.कॉम. झाली आहे. तिने मात्र कान देऊन ऐकलं. “दादा, एखादं नाव मागून टाकलं तं ते आपल्या जागेवर जाते का?”

“आपोआप. मान क्रमांक दिला की झालं. बाकीचे एक-एक घर खाली सरकतात.”

“आन प्रूफ पास झाल्यावर?”

“मग कुलूप. कोणालाही बदलता येत नाही. मलासुद्धा नाही.”

“तुमालेबी नाई,” ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली. पुण्यातल्या एकाही मुलाखतीत मला इतके नेमके प्रश्न विचारले गेले नव्हते. मुलीला या क्षेत्राची खरी गोडी आहे. लग्न ठरलं नसतं तर एखादा कोर्स सुचवला असता. बोलता बोलता सांगत होती, शाळेत असताना रोज सायकलवर पुढे बसवून मोठे बाबा धाडला सोडायचे, तेव्हा हे दुकान लागायचं. मोठे बाबा म्हणजे कोण ते मी विचारलं नाही. मजकूर हा माझा विषय नव्हे.

अन्नपूर्णाबाईंनी निघताना एकच विचारलं. “बाबू, पत्रिकेत काही चूक निघाली तं कोनाची धरतीन?”

“आमची, मावशी. सगळी जबाबदारी आमची.”

“बरं हाय बाप्पा,” असं म्हणून त्यांनी मला पिशवीतली दोन फुलकोबी दिली. इतक्या स्पष्टपणे जबाबदारी घेणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा.

२८ मार्च

नारायणराव प्रूफ पास करायला आले. मी कागदावर कडेची मोकळी जागा, वेलबुट्टीचं वळण आणि गणपतीची रेघ तपासली होती. रूप माझं, मजकूर त्यांचा, हे तत्त्व मी पाळतो. काकांनी मला विचारलंही, “तू वाचलं का?” मी म्हटलं, मी साचा बघतो. “बरं हाय,” म्हणाले.

नारायणरावांनी चष्मा लावला. वरून वाचत आले, वराचं नाव, वधूचं नाव, मुहूर्त. निमंत्रक या शब्दाखाली पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं. थांबलं ते थांबलंच. मला वाटलं अक्षर बारीक झालं की काय. मग त्यांनी पाणी मागितलं. सगळा तांब्या प्यायले. चष्मा काढून टोपीने पुसला, पण परत लावला नाही.

“छापा,” म्हणाले.

“पुढचं वाचायचं राहिलं, काका.”

“पुढचं बरोबरच असन.”

सही करून निघाले. अर्धं प्रूफ न वाचता पास करणारी ही जमात आहे. पुढच्या आवृत्तीत ‘कृपया पूर्ण वाचावे’ अशी लाल सूचना टाकणार आहे.

३१ मार्च

पत्रिका छापून झाल्या. अन्नपूर्णाबाई एक लहान गठ्ठा घेऊन गेल्या, पहिली देवापुढे ठेवायला आणि मग जवळच्या चार घरी द्यायला. बाकी गठ्ठे दुकानात. काका म्हणाले पाटीवाल्याला विचारून ठेवतो. मी पाटीवर माझं नाव कोणत्या अक्षरात असावं याचे तीन नमुने केले. आज छान वाटतंय, खोटं कशाला लिहू.

३ एप्रिल

नमुने फाडून टाकले.

दुपारी भर बाजारात नारायणराव आले. दुकानात येऊन बोलले असते तरी चाललं असतं, पण ते रस्त्यावरच उभे राहिले. “या कॉम्प्युटरनं माह्या घराची इज्जत घेतली,” असं जे सुरू झालं, ते भाजीवाल्यापासून जीपवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. मी पत्रिका उघडली. निमंत्रकांत पहिलंच नाव, श्री. उकंडराव, आणि त्याखाली कंसात ‘वधूचे मोठे बाबा’.

मी म्हटलं, काका, गठ्ठे इथेच आहेत, मी रातोरात नव्याने छापून देतो, आमच्या खर्चाने.

“आता काय छापतं? वाटल्या गेल्या.”

“चारच गेल्या आहेत, काका. बाकी हे बघा.”

“त्या चारातली एक त्याच्याच घरी गेली ना बे. इच्या हातून चुकून गेली.” मागे अन्नपूर्णाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. “आता बदलली तं लोक म्हनतीन नारायननं भावाचं नाव छापून खोडलं. तसलं पाप मी नाई करत. तू केलं, तूच भोग.”

मग सगळ्या बाजाराकडे वळून, “मी सांगतलं होतं याले, विचारा. नाव नको म्हनून सांगतलं होतं.” मी सगळ्यांसमोर मान्य केलं, हो, सांगितलं होतं. ते ऐकून ते जरा शांत झाले. उरलेले गठ्ठे जीपमध्ये टाकून घेऊन गेले. इतक्या रागात माणूस गठ्ठे मोजून नीट रचून नेतो, हे मी प्रथमच पाहिलं.

शालिग्रामकाका या सगळ्या वेळात फक्त हात जोडून ‘प्रेसची चूक, प्रेसची चूक’ म्हणत होते. पाटीवाल्याचं त्यांनी परत काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

४ एप्रिल

आजचा दिवस चूक शोधण्यात. इंजिन साच्याची एक तयार प्रत साठवून ठेवतं, म्हणजे दर वेळी नव्याने बनवावी लागत नाही. त्या साठवणीत जुनं काही राहिलं असेल, ती पुसली. मूळ साच्यात आधीचं नाव अडकलं असेल, तोही तपासला. काही नाही.

नोंद मात्र सापडली. २६ तारखेला अन्नपूर्णाबाईंच्या नंबरावरून हे नाव भरलं गेलं, मान क्रमांक एक, नात्याच्या खणात ‘वधूचे मोठे बाबा’. पण ते शक्यच नाही. ज्या बाईला चालू मोबाइल चालू कुठून करायचा कळत नाही, ती जोडाक्षरं टाइप करून मान क्रमांक भरेल? नोंद ठेवणाऱ्या भागातच घोळ असणार. अनुपमाला फोन करून विचारलं, कोणी हात लावला होता का. ती म्हणाली, “नाई दादा, तुमच्या इंजिनानंच केलं असन.” तिच्यावर माझा विश्वास आहे, तिला यातलं कळतं.

संध्याकाळी गोपालभाऊजींचा फोन. दुकानात नवा काउंटर केलाय म्हणे.

७ एप्रिल

चूक सापडली नाही, पण बंदोबस्त केला. आता सुरुवातीला गिऱ्हाइकाने सांगितलेल्या नावांपलीकडचं एकही नाव आलं तर इंजिन छापायलाच नकार देईल. लाल अक्षरांत. इथून पुढे माझ्या पत्रिकेत कोणी चुकून शिरू शकत नाही. काकांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “असं काऊन करतं बाबू?” मला वाटतं त्यांनी आता माझ्यावरची आशाच सोडली आहे.

१० एप्रिल

आज उकंडराव स्वतः आले. उंच म्हातारा, पांढरं धोतर, हातात पत्रिका. ती रुमालात गुंडाळून आणली होती. काका बँकेत गेले होते, मी एकटाच होतो.

ते बाकावर बसले आणि पत्रिका मांडीवर उघडली. “हे तूच छापलं?”

“हो.”

“हे नाव मानसानं टाकलं का मशीननं?”

या प्रश्नाचं उत्तर देताना मी व्यावसायिक प्रामाणिकपणा पाळला. सांगितलं, आजोबा, निव्वळ यांत्रिक चूक आहे. नारायणरावांचा तसा काही हेतू नव्हता. उलट त्यांनी नाव घालू नका म्हणून बजावलं होतं. आम्ही दिलगीर आहोत.

ते ‘वधूचे मोठे बाबा’ या ओळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “मशीनले कसं ठाऊक, पोट्टी मले काय म्हनते ते?”

मी म्हटलं, तेच मलाही समजत नाहीये. साठवणीतला काहीतरी घोळ असावा.

पत्रिका परत रुमालात बांधून ते उठले. पायरी उतरताना म्हणाले, “बजावलं होतं म्हनतं.” आणि गेले. मला उगाच वाईट वाटलं. खरं तेच सांगितलं होतं, तरी वाटलं.

काका आल्यावर त्यांना सांगितलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, पण आज चढवला. “तुले कोनं सांगतलं होतं एवढं सांगाले? चूक झाली म्हनाचं आन गप बसाचं. कोनाची, कशी, कोनं बजावलं, हे कोनं इचारलं होतं?” मग सुपारीचा डबा तसाच उघडा टाकून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

आम्ही प्रामाणिकपणे दिलगिरी व्यक्त करायची, तरी आमचंच चुकलं. आज जेवलो नाही.

२० एप्रिल

लग्न. मी जाणार नव्हतो, पण नारायणरावांनी निरोप धाडला, “त्या कॉम्प्युटरवाल्याले आना, लोक इचारून राह्यले.” म्हणजे आरोपी म्हणून हजर राहायचं होतं. गेलो.

मंडपाच्या दारात नारायणराव उभे. पाहुणा आला की हात जोडायचे, आणि पाहुण्याने पत्रिकेचा विषय काढला की मोठ्याने सांगायचे, “कॉम्प्युटरची चूक हो. हा काय, हा उभा हाय.” मी मान हलवायचो. पण त्यांचं लक्ष पाहुण्यांकडे नव्हतं. शेजारच्या घराचं दार बंद होतं आणि ते तिकडे बघत होते. वरात गावाच्या वेशीपर्यंत आली तरी बंद. अन्नपूर्णाबाई दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. आतून अनुपमाने मला बोलावून घेतलं. डोक्याला बाशिंग, डोळे लाल. “दादा, मोठे बाबा दुकानात आले होते म्हंते. तुम्ही काय सांगतलं त्याईले?”

मी सांगितलं, खरं ते. यांत्रिक चूक म्हणून.

तिने खाली मान घातली आणि हातावरची मेंदी खरवडत राहिली. मला काय करावं समजेना. म्हटलं, ताई, चुकीबद्दल माफ करा. मी इतका निरुपयोगी कुठेच उभा राहिलेलो नाही, पुण्याच्या शेवटच्या मीटिंगमध्येसुद्धा नाही.

बाहेर आलो तर दार उघडलेलं. उकंडराव आले, नवा फेटा, हातात तीच रुमालातली पत्रिका. मंडपात शिरताच पहिल्या पंगतीकडे बघून ओरडले, “पान्याचा टँकर उन्हात कोनं उभा केला बे? ऊन पानी पाजता का पाहुन्याईले?”

नारायणराव त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “सावलीत जागा कुठी हाय?”

“माह्या अंगनात काय झालं?”

टँकर उकंडरावांच्या अंगणात गेला. तेव्हापासून तो माणूस दारात निमंत्रक म्हणून उभा राहिला. मंडपवाल्याला बोलला, आचाऱ्याला बोलला, मला तर दोनदा बोलला. कोणीतरी विचारलं, भाऊ, तुम्ही कसे आले? तर म्हणे, “नाव छापलं तं या लागते. नाई आलो तं लोक काय म्हनतीन? मशीननं चूक केली म्हनून आपुन चूक करावं का?” दोघं भाऊ दिवसभर माझ्यावर टीका करत होते, एक मंडपाच्या या टोकाला आणि एक त्या. दुपारनंतर शेजारी उभे राहून करू लागले.

पाठवणीच्या वेळी अनुपमा उकंडरावांच्या गळ्यात पडून जी रडली, ती सोडेना. उन्हाचा त्रास झाला असावा. गाडीत बसताना तिने मला हाक मारली. “दादा, तुमचं इंजिन चांगलं हाय. त्याले लय दुरुस्त नका करू.”

मुलगी मनाने मोठी आहे. माझी समजूत काढत होती.

२५ एप्रिल

लग्न पार पडलं, पण दुकानात नवं काम नाही. बाजारात माझी ओळख आता ‘तो चुकीवाला’ अशी आहे. काका वर्तमानपत्र वाचतात. गोपालभाऊजींनी दुकानाचं नाव छापलेला टीशर्ट पाठवलाय, माझ्या मापाचा. आईने तो घडी घालून कपाटात ठेवला, माझ्या पुण्याच्या शर्टांवर. बाबांनी आज सुस्कारा टाकला नाही. तेच जास्त लागलं.

२९ एप्रिल

दुपारी एक बाई आल्या. झुंबरबाई, नारायणरावांच्या लांबच्या नात्यातल्या, मुलाचं लग्न मे अखेरीस आहे. बसल्या, पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं. मग हळूच विचारलं, “बाबू, नारायनभाऊच्या पत्रिकेत तुह्या मशीननं चूक केली होती ना?”

मी म्हटलं, मावशी, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण आता काळजी करू नका. ती चूक मी कायमची दुरुस्त केली आहे, पुन्हा होणारच नाही.

बाईंचा चेहरा उतरला. “होनारच नाई?”

“होणारच नाही.”

हा संवाद माझा आधीही एकदा झाला होता. हाच प्रश्न, हेच उत्तर, असाच पडलेला आवाज. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“मंग नादुरुस्त कर ना बाबू,” झुंबरबाई म्हणाल्या. “माह्यी पोरगी हाय. तिनं तिच्या मनानं लगन केलं. ह्याईनं घरात तिचं नाव घेनं बंद केलं, मंग मलेबी घेता येत नाई. आता भावाचं लगन हाय. तिचं नाव मी टाकलं तं मले बोलतीन. पोराईनं टाकलं तं त्याईले बोलतीन. मशीनले कोन काय म्हनन?”

नारायणरावांचं थांबलेलं बोट, रिकामा केलेला तांब्या, ‘चुकून’ शेजारी गेलेली पत्रिका, नीट रचून नेलेले गठ्ठे. सगळं एकदम समोर आलं, आणि मी बाकाची कड धरून बसलो. अख्ख्या गोताला माहीत होतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला, तिच्या आईला, खुद्द बापाला, सुपारी कातरणाऱ्या काकांना. फक्त चूक करणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आणि मी त्या म्हाताऱ्याला बाकावर बसवून ती चूक समजावून सांगितली होती, जवळजवळ मोडूनच टाकली होती. ते मनात आलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

पुण्यात याला ग्राहकाची गरज ओळखणं म्हणतात. त्यावर मी एक सादरीकरणही केलं होतं.

काका वर्तमानपत्राआडून बघत होते. म्हटलं, काका, तुम्ही मला सांगितलं का नाही? “तुले खोटं बोलता आलं नसतं,” ते म्हणाले. “खरं वाटाले पायजे होतं.” मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, “बाहेर डोनगावच्या अजून एक बाई बसून हाय. तिचंबी असंच काहीतरी हाय. पाटीवाल्याले फोन लावून पाहतो.”

मी फाइल उघडली आणि माझा तो बंदोबस्त, लाल अक्षरांसकट, खोडला. इंजिन पुन्हा पहिल्यासारखं बिनडोक झालं. झुंबरबाईंना विचारलं, “नाव सांगा, मावशी.”

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी ओळखीचं नव्हतं. मग म्हणाल्या, “समता.” आणि पुन्हा एकदा, नुसतंच, “समता.”

“कुठे छापू चुकून? खाली कोपऱ्यात?”

“नाई,” झुंबरबाई म्हणाल्या. “बहिणीच्या जागी.”

उद्या तिचे वडील प्रूफ वाचायला येणार आहेत. पाण्याचा तांब्या मी आताच भरून ठेवला आहे.